'पुन्हा सांगा' हे इंग्रजी आधी शिकवावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी एका वाचकांचा अमेरिकावारीवरचा लेख वाचला. विमानतळावर त्यांच्या पत्नीची व्हीलचेअर ढकलणाऱ्या सोमाली बाईंना त्यांनी गेट विचारले, बाई 'येस, येस' म्हणत राहिल्या आणि हे भलत्याच गेटवर जाऊन पोचले. विमान थोडक्यात मिळाले. त्यांची तारांबळ मी समजू शकते. पण पुढे त्यांनी लिहिले आहे की, इतकी वर्षे परदेशात राहून ज्यांना चार वाक्ये इंग्रजी येत नाही त्यांनी आधी भाषा शिकावी, मग नोकरी धरावी. हे वाक्य मला फार लागले. त्या 'येस, येस'चा मला जवळून परिचय आहे, म्हणून हे पत्र.

मी सरकारी रुग्णालयात ३६ वर्षे परिचारिका होते, शेवटची काही वर्षे वॉर्डची इन्चार्ज. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला आले आणि इथलीच झाले. सीडर-रिव्हरसाइड भागात, उंच इमारतींच्या शेजारी एका सभागृहात दर शनिवारी मी सोमाली बायकांना कामापुरते इंग्रजी शिकवते. मानधन वगैरे काही नाही. वर्गात कधी सात जणी असतात, कधी अकरा. बहुतेक जणी वृद्धांच्या घरी जाऊन किंवा वृद्धाश्रमात त्यांची सेवा करतात: अंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे. दोघी-तिघी नर्सिंग असिस्टंटच्या परीक्षेची तयारी करत आहेत. त्यासाठी निदान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते, त्यातले १६ तास प्रत्यक्ष कामाचे. हात त्यांचे उत्तम चालतात. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची हे त्यातल्या एकीने मला दाखवले, तेव्हा मला शिकवायला काही उरले नव्हते. अडते ते शब्दांपाशी.

'आधी भाषा शिकावी' म्हणणाऱ्यांना या बायकांची भाषा कुठून आली हे बहुधा ठाऊक नसते. सोमाली भाषेला सरकारमान्य लिपी मिळाली ती १९७२ साली, रोमन अक्षरांत. त्यानंतर १९७४ मध्ये वरच्या वर्गांच्या शाळा बंद ठेवून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना खेडोपाडी, गुराख्यांच्या वस्त्यांवर लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी पाठवले गेले. माझ्या वर्गातल्या सर्वांत वयस्कर बाई अशाच एका वस्तीत, झाडाखाली बसून अक्षरे शिकल्या. १९९१ मध्ये सरकार कोसळले, यादवी माजली आणि शाळा गेल्या. त्यांची मुलगी केनियातल्या दादाब या निर्वासितांच्या छावणीत वाढली. तिला आईइतके वाचता येत नाही. आपल्याकडे आई अडाणी आणि लेक शिकलेली असे चित्र असते. इथे अनेक घरांत ते उलटे आहे. अशा वर्गाला एकच पुस्तक देऊन कसे चालेल?

शिवाय ज्यांना वाचता येते त्यांचीही गंमत नव्हे, अडचण आहे. सोमालीत एक्स हे अक्षर घशातून येणाऱ्या 'ह'साठी वापरतात आणि सी हे अक्षर अरबी 'ऐन'साठी, म्हणजे घशातून येणाऱ्या 'अ'सारख्या ध्वनीसाठी. हजेरीपटावर पहिल्या दिवशी मी एकीच्या वडिलांचे नाव 'कॅली' वाचले, ते 'अली' होते. हसन हे नाव तिथे एक्सने सुरू होते. आता विचार करा, अशा डोळ्यांना दारावरचा 'एक्झिट' हा लाल दिवा काय दिसत असेल! वर्गात एकीने तो 'एहित' असा वाचला. तिचे काहीच चुकले नव्हते. तिच्या भाषेच्या नियमाने ते वाचन अचूक होते. 'कॉशन' आणि 'ऑक्सिजन' या पाट्यांचेही तेच. म्हणून मी आता पहिल्याच दिवशी अशा सहा-सात पाट्या चित्रासारख्या ओळखायला शिकवते, अक्षरे नंतर.

उच्चारांचे तर पुष्कळ सांगता येईल. सोमालीत 'प' नाही. पोलिसांना त्या 'बोलीस' म्हणतात. 'व्ह' आणि 'झ' हेही नाहीत. ऐकायला किरकोळ वाटते, पण एका घरी काय झाले ते सांगते. एका आजींनी सकाळची गोळी घेतली नाही. त्यांची काळजी घेणाऱ्या, माझ्या वर्गातल्या बाईंनी नियमाप्रमाणे लगेच एजन्सीच्या नर्सला फोन केला आणि 'पिल' घेतली नाही असे सांगितले. तिकडे ऐकू गेले 'बिल'. बिलाचे ऑफिसला विचारा, असे सांगून फोन ठेवला गेला. गोळी रक्तदाबाची होती. दुपारी आजींच्या मुलाने पाहिले तेव्हा गोळी डबीतच होती, आणि बोलणी बसली ती या बाईंना. त्यांनी कळवले होते, वेळेवर कळवले होते! हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, त्या फक्त हाताने 'पिल' शब्दाचा आकार करावा तशी बोटे जुळवत राहिल्या.

ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरून मी 'प' शिकवते. पट्टी हलली की 'प', नाही हलली की 'ब'. दोन-तीन महिन्यांत ऐकण्यातला फरक कळू लागतो, बोलण्यातला यायला वेळ लागतो आणि काहींना तो येतही नाही. मग त्यांनी तोपर्यंत काय करायचे? माझा उपाय साधा आहे. ज्या शब्दात तो ध्वनीच नाही असा शब्द हाताशी द्यायचा. 'पिल'ऐवजी 'मेडिसिन'. 'पेन'ऐवजी 'हर्ट'. 'शी डिड नॉट टेक हर मेडिसिन' हे वाक्य सोमाली जिभेवरून स्वच्छ उतरते. हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, आम्ही अकरा जणींनी मिळून शोधले आहे, आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने शब्द निवडताना हे पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. उलट 'स्टॉप'ला 'इस्टॉप' म्हटले तर मी अजिबात टोकत नाही. आपल्याकडे 'इस्टेशन' म्हणणाऱ्याची गाडी काही चुकत नाही. जिथे अर्थ बिघडतो तिथे कष्ट घ्यावेत, बाकी सोडून द्यावे.

आकड्यांचेही असेच. पंधरा आणि पन्नास हे इंग्रजी आकडे फोनवर भल्याभल्यांना सारखे ऐकू येतात. रुग्णालयात आम्ही औषधाचा आकडा सुटा सुटा म्हणायचो: 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झिरो'. हीच सवय मी इथे लावली आहे. आणि वेळ! जुन्या सोमाली रीतीने दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे घड्याळात ७ वाजले की तो पहिला तास. आपल्या प्रहरांसारखेच. इथे इतकी वर्षे काढलेल्या बायका सहसा चुकत नाहीत, पण नव्याने आलेल्या बाईंना 'दोन वाजता ये' म्हटले की त्यांच्या मनात क्षणभर सकाळचे ८ येऊन जातात. म्हणून ड्यूटीची वेळ कायम कागदावर लिहून मागायची, हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

या सगळ्यात अवघड कोणते शब्द, असे कुणी विचारले तर मी रोगांची लांबलचक नावे सांगणार नाही. ती पाठ होतात. मधुमेहाला त्या 'सोंकोर' म्हणतात, म्हणजे साखर. आपण 'त्यांना शुगर आहे' म्हणतो तसेच. वाढलेल्या रक्तदाबाला त्यांचा शब्द आहे 'उकळते रक्त' अशा अर्थाचा. एकदा जोड लावून दिली की विसरत नाहीत. अडते ते अगदी लहान, रोजच्या शब्दांवर.

गेल्या थंडीत एक तरुण मुलगी वर्गाला आली, ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत तिचा निळा गणवेश होता, धुतलेला, इस्त्री केलेला, घडीवर घडी बसवलेला. तो परत करायला कुठे जायचे, एवढेच तिला विचारायचे होते. मी म्हटले, का गं, काय झाले? तिने फोनवरचा निरोप दाखवला. सुपरवायझरने लिहिले होते, 'यू आर ऑफ थर्सडे अँड फ्रायडे.' गुरुवार-शुक्रवार तुला सुट्टी! पण 'ऑफ' हा शब्द तिने शेगडीच्या बटणावर शिकला होता, दिव्याच्या बटणावर शिकला होता. तिला वाटले, मला बंद केले. दोन दिवस ती घरात कुणाशी बोलली नव्हती. गणवेश मात्र तिने इस्त्री करून आणला होता, कारण वस्तू परत करायची ती नीट करावी.

त्या शनिवारी आम्ही दुसरे काहीच शिकलो नाही. 'डे ऑफ' म्हणजे सुट्टी, 'लेड ऑफ' म्हणजे कामावरून कमी केले, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द, 'टेक ऑफ युअर ग्लव्हज' म्हणजे हातमोजे काढा, 'ड्रॉप ऑफ' म्हणजे नेऊन सोडणे. इतके वेगवेगळे अर्थ, आणि त्यातला एक चुकला तर घरातली चूल बंद. 'राइट-अप'चेही असेच एकदा झाले. 'तुझे राइट-अप झाले आहे' म्हटल्यावर एकीला वाटले, कुणीतरी आपल्याबद्दल चांगले लिहिले. ती लेखी समज होती, आणि तिने 'थँक यू' म्हणून सही केली.

'ट्रान्सफर' हा शब्द तर माझ्यासाठीही धडा ठरला. सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे माझ्या कानांना ट्रान्सफर म्हणजे बदली. इथे त्याचा अर्थ रुग्णाला पलंगावरून खुर्चीवर घेणे. मी वर्गाला विचारले, तुम्हाला काय वाटते? सगळ्या एकदम बोलल्या, पैसे पाठवणे. दर महिन्याला मोगादिशूला, हर्गेसाला, नैरोबीला आईकडे, भावाकडे पैसे जातात. त्या व्यवहाराला त्यांचा शब्द आहे 'हवालाद'. आपला हवाला तोच. मग मी फळ्यावर शब्द मांडत गेले. औषधाला 'दावो', आपली दवा. दुकान ते दुकानच. 'सबब' म्हणजे कारण. 'खतर' म्हणजे धोका. 'तारीख' तीच. आणि पगाराला काय, तर 'मुशाहर'! आजोबांच्या तोंडी मी लहानपणी 'मुशाहिरा' ऐकला होता, त्यानंतर तो शब्द मला थेट मिनेसोटात भेटला. दोन्ही भाषांत तो अरबीतून आला, वाटा वेगळ्या. डॉक्टरला त्या 'डख्तर' म्हणतात, आपल्या 'ड'सारखाच 'ड' लावून. त्या दिवसापासून त्या मला 'मअल्लिमद', म्हणजे शिक्षिका, म्हणायच्या थांबल्या आणि 'एद्दो' म्हणू लागल्या. एद्दो म्हणजे आत्या. मावशीला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'हबरयर', धाकटी आई. आमच्या वॉर्डात साफसफाईपासून पेशंटला धरून नेण्यापर्यंत सगळे करणाऱ्या बायकांना सगळे 'मावशी' म्हणायचे हे मी सांगितले, तर त्यांना त्याचे इतके बरे वाटले!

आता 'येस, येस'कडे येते. ही लबाडी नव्हे आणि आळस तर नव्हेच. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते, कारण मी स्वतः ते केले आहे. १९७९ साली मराठी शाळेतून थेट नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आले. राउंडला सर्जन झपाझप बोलत पुढे गेले, 'बेड सेव्हन एनबीएम.' मला अर्थ कळला नाही. सगळ्यांदेखत विचारायची हिंमत झाली नाही. मी मान डोलावून 'येस सर' म्हटले. रात्री त्या पलंगावरच्या बाबांनी चहा मागितला आणि मी दिला. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. सकाळचे ऑपरेशन रद्द झाले. लांबून आलेले ते बाबा आणखी चार दिवस वेदना सोसत पडून राहिले, आणि जाताना मलाच आशीर्वाद देऊन गेले. त्या रात्रीनंतर वॉर्डातल्या केरळच्या एका ज्येष्ठ सिस्टरने मला बाजूला घेतले. ओरडल्या नाहीत. माझ्याकडून दहा वेळा एकच वाक्य म्हणवून घेतले: 'सर, रिपीट प्लीज.' माझे इंग्रजी तिथे सुरू झाले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कामाचे इंग्रजी शिकवताना वस्तूंची नावे मागे ठेवावीत. पहिली वाक्ये द्यावीत ती ही: पुन्हा सांगा. हळू सांगा. करून दाखवा. तुम्ही डावा म्हणालात की उजवा? लिहून द्या. थांबा. मला हे एकटीने उचलता येणार नाही. मला लागले आहे. ही वाक्ये आली की बाकीचे शब्द माणूस कामावरच गोळा करतो, आणि ती नसतील तर पाचशे शब्द पाठ असूनही तो 'येस, येस'च म्हणतो. आमच्या वर्गात आम्ही ही वाक्ये ओरडून म्हणतो. खरोखर ओरडून, कारण या बायकांना वरिष्ठांसमोर आवाज चढवायची सवय नाही. कमरेला बांधायच्या 'गेट बेल्ट'ने मी स्वतः रुग्ण होऊन उठते, मुद्दाम तोल घालवते आणि त्यांनी 'स्टॉप! सिट डाउन!' म्हणेपर्यंत हलत नाही. (हा 'गेट' म्हणजे चाल, दाराचा गेट वेगळा. मलाही ते इथेच कळले.) सुरुवातीला त्या माझ्या वयाकडे बघून कुजबुजायच्या. आता इमारतीचा रखवालदार दार उघडून बघतो.

ही मागणी भाबडी नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, ओशाने, २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की सुरक्षेचे प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत आणि अशा शब्दांत द्यायला हवे. म्हणजे भाषेची जबाबदारी एकट्या कामगारावर टाकलेली नाही. मग लेखकमहाशयांनी ती सगळी त्या व्हीलचेअरमागच्या बाईंवर का टाकावी? ज्या बायकांनी दहा-दहा वर्षे मांस कापण्याच्या कारखान्यात रात्रपाळी केली, कानात बोळे घालून, यंत्रांच्या आवाजात, त्यांनी इंग्रजी कुणाशी बोलायचे होते?

आणखी एक सांगायचे आहे, आणि ते इथल्या मराठी मंडळींसाठी. आपला पेपर इथे ऑनलाइन पुष्कळ जण वाचतात हे मला माहीत आहे. मला वॉर्डातले शब्द येतात, पगाराच्या कागदातले येत नाहीत. मिनेसोटात १ जानेवारी २०२४ पासून कायदा आहे की कामाच्या दर ३० तासांमागे एक तास भरपगारी रजा साठते, आजारपणासाठी आणि घरातल्या अडचणीसाठी, वर्षाला ४८ तासांपर्यंत. माझ्या वर्गातल्या बहुतेकींना ही रजा आपली आहे हेच ठाऊक नव्हते, कारण पगाराच्या कागदावर ती 'अक्रूड', म्हणजे साठलेली, या एका शब्दामागे दडलेली असते. एक जण ताप अंगावर काढून कामाला जात होती. तिच्या नावावर २२ तास पडून होते.

मागच्या शनिवारी सर्वांत वयस्कर बाईंनी आपला असाच कागद माझ्यापुढे ठेवला. 'नेट पे' या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, एद्दो, छावणीत मच्छरदाणीला नेट म्हणायचे, ते हेच का? तेवढे मी सांगू शकले. त्याखाली मात्र कपातींच्या सात ओळी होत्या आणि त्यातल्या तीन मला उलगडल्या नाहीत. मी 'येस, येस' म्हटले नाही. पुढच्या शनिवारी विचारून सांगते म्हणाले. इथे हिशेबाचे, पगारपत्रकांचे काम करणारी आपली माणसे घरटी एक सापडतील. शनिवारी सकाळी १० ते १२, वर्ग भरतो. ज्यांना दोन तास काढता येतील त्यांनी आपल्यामार्फत मला कळवावे. कागदाची झेरॉक्स मी नाव झाकून ठेवली आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, मिनिआपोलिस